मधल्या पाण्यात बरोबरी, भिंतीपाशी पिछाडी : स्टार्ट आणि टर्न सुधारावेत कसे?

तिसरी_लेन (प्रश्न)

नमस्कार. मी १०० व २०० मीटर फ्रीस्टाइल आणि २०० मीटर वैयक्तिक मेडले (बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक व फ्रीस्टाइल हे चार प्रकार क्रमाने) या शर्यतींत भाग घेते. माझा प्रश्न ब्लॉकवरून (स्टार्ट घेण्याच्या चौथऱ्यावरून) सूर मारल्यापासून पहिला हात मारेपर्यंतच्या, तसेच भिंतीजवळ पोहोचल्यापासून पुन्हा पृष्ठभागावर येईपर्यंतच्या काळाविषयी आहे.

अलीकडच्या शर्यतींच्या चित्रफिती पाहताना एक गोष्ट वारंवार लक्षात आली. शेजारच्या लेनमधील मुली आणि मी जवळपास एकाच वेळी ब्लॉक सोडतो, परंतु डोकी पाण्याबाहेर येतात तेव्हा त्या माझ्या पुढे असतात. मधल्या टप्प्यात मी ते अंतर हळूहळू भरून काढते, भिंतीपर्यंत बरोबरीला येते आणि टर्न झाला की पुन्हा तेवढीच मागे पडते. ५० मीटरच्या तलावात २०० मीटरसाठी तीनच टर्न असतात, त्यामुळे निभावून जाते. २५ मीटरच्या तलावात तेच सात होतात आणि मग शेवटी काही केल्या भरपाई होत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. ब्लॉकवर कोणता पाय पुढे ठेवावा हे कसे ठरवावे? फ्लिप टर्नसाठी भिंतीपासून नेमक्या किती अंतरावर कोलांटी घ्यावी? पाण्याखाली डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखी मारलेली किक) किती माराव्यात, कारण कोणी म्हणते शक्य तितक्या आणि कोणी म्हणते लवकर वर या? आणि मेडलेमध्ये बॅकस्ट्रोकवरून ब्रेस्टस्ट्रोककडे जाताना भिंतीपाशी माझा फार वेळ जातो, त्याबाबत काय करता येईल? सरावाचा वेळ मर्यादित असल्याने आधी कशावर भर द्यावा, हेही कोणी सांगितले तर उपकार होतील.

घड्याळ_हातात

तुमच्या वर्णनावरून एक गोष्ट सुरुवातीलाच बाजूला ठेवता येते. सर्व जणी एकाच वेळी ब्लॉक सोडत असाल, तर प्रतिक्रियेचा वेग वाढवण्याच्या मागे लागण्याचे तुम्हाला काही कारण नाही. निकालफलकावर दिसणारी प्रतिक्रियेची वेळ म्हणजे संकेत झाल्यापासून पाय ब्लॉकवरून सुटेपर्यंतचा संपूर्ण काळ असतो; त्यात ऐकणेही आले आणि ब्लॉकला रेटा देणेही आले. उत्तम जलतरणपटूंमध्ये हा काळ साधारण ०.६ ते ०.७ सेकंदांच्या आसपास असतो. एखादी मुलगी घाईने पाय उचलून हा आकडा कमी करू शकते, परंतु रेटाच न दिल्यामुळे १५ मीटरच्या खुणेपाशी ती मागे असते. म्हणून मी प्रशिक्षण देताना मुलांना ब्लॉकवरची वेळ सांगत नाही. डोके १५ मीटरच्या खुणेवरून जाते ती वेळ सांगतो, कारण स्टार्ट चांगला झाला की नाही हे तेवढ्या एका आकड्यावरून कळते.

आता मुळाशी जाऊ. चांगला सूर मारणारा जलतरणपटू पाण्यात शिरतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ४ मीटरहून अधिक असतो, आणि जगातील सर्वांत वेगवान स्प्रिंटरसुद्धा पृष्ठभागावर पोहताना सेकंदाला २ मीटरच्या थोडे पुढेमागेच असतात. म्हणजे पाण्यात शिरण्याच्या क्षणी आपल्याजवळ जो वेग असतो तो हातपाय मारून पुन्हा कधीच मिळणार नसतो. भिंतीला रेटा देऊन निघतानाही हेच खरे असते, फक्त तेथे फरक थोडा कमी असतो. पुढच्या काही मीटरांत आपल्या हाती उरते ते एवढेच, की तो वेग कमीत कमी झिजू द्यायचा. ज्या मुली तुमच्या पुढे बाहेर येतात त्यांनी बहुधा तुमच्यापेक्षा अधिक वेग कमावलेला नसतो, तुमच्यापेक्षा कमी गमावलेला असतो.

यासाठी पहिली तपासणी जमिनीवरच करावी. भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. टाचा, नितंब आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला असू द्या. आता दोन्ही हात डोक्यावर नेऊन एका तळहातावर दुसरा ठेवा, दंडांनी कानांच्या मागची बाजू आवळा आणि हातांची मागील बाजू भिंतीला टेकवा. हे करताना कंबर पुढे येऊन तिच्या मागे मोठी पोकळी तयार होत असेल किंवा कोपरे वाकत असतील, तर तुमची स्ट्रीमलाइन, म्हणजे हात डोक्यावर जुळवून ताणलेली शरीराची सरळ रेषा, पाण्यातही तशीच मोडत असणार. खांदे आणि पाठीचा वरचा भाग मोकळा होण्यासाठी काही महिने लागतात, पण रोज थोडा वेळ दिला तर फरक पडतो. पाण्यात याची परीक्षा अशी घ्यावी : भिंतीला रेटा द्या, एकही किक न मारता स्ट्रीमलाइनमध्ये जा आणि शरीर थांबेपर्यंत किती दूर पोहोचता ते लेनच्या दोरीवरील खुणांवरून पाहा. हे अंतर वाढणे ही माझ्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक प्रगती आहे.

ब्लॉकविषयी. कोणता पाय पुढे, याचे उत्तर पुस्तकात मिळत नाही. दोन्ही पद्धतींनी सूर मारून १५ मीटरची वेळ घ्यावी, मात्र एकाच दिवसाच्या आकड्यांवर निर्णय घेऊ नये, कारण सवयीचा पाय सुरुवातीला नेहमीच बरा वाटतो. नियमानुसार किमान एक पाय ब्लॉकच्या पुढच्या कडेला असावा लागतो. त्याच्या बोटांनी कड घट्ट पकडावी. मागचा पाय तिरप्या आधारफळीवर चवड्याने टेकवावा, टाच हवेत राहू द्यावी, आणि मागचा गुडघा साधारण काटकोनात येईल अशा बेताने ती फळी पुढेमागे सरकवून घ्यावी. स्पर्धेच्या ठिकाणी ही फळी कोणत्या खाचेत बसवायची हे आधी माहीत असले पाहिजे. शर्यतीपूर्वी घाईघाईत कुठेतरी बसवलेली फळी म्हणजे हातचा रेटा वाया घालवणे होय.

‘टेक युअर मार्क्स’ ऐकल्यावर कंबर वर न्यावी, हातांनी ब्लॉकची कड पकडून स्वतःला ताणलेल्या अवस्थेत स्थिर ठेवावे. संकेत होताच हातांनी शरीर पुढे खेचले जाते, मागचा पाय पहिला रेटा देतो आणि पुढचा पाय शेवटचा. बहुतेकांची उणीव या शेवटच्या रेट्यात असते : गुडघा आणि घोटा पूर्ण सरळ होण्याआधीच पाय ब्लॉक सोडतो. चित्रफीत तेथे थांबवून पाहा. पाय सुटण्याच्या क्षणी कंबर, गुडघा आणि घोटा एका रेषेत आलेले नसतील, तर अर्धे बळ ब्लॉकवरच राहिले असे समजावे. त्यासाठी जमिनीवर उभ्याने उंच उड्या, लांब उड्या आणि वजनासह बैठका यांचा चांगला उपयोग होतो.

पाण्यात शिरताना बोटांच्या टोकांनी जिथे पाणी फुटते, त्याच जागेतून डोके, कंबर आणि पाय आत जायला हवेत. कोन फार सपाट झाला तर पोट आणि मांड्या पाण्यावर आपटतात. फार उभा झाला तर शरीर खोल जाते आणि वर येण्यातच वेग खर्च होतो. आत गेल्यावर लगेच किक मारू नये, हे मी मुद्दाम सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक जण येथे घाई करतो. ज्या वेगाने तुम्ही आत आलेल्या असता तो तुमच्या किकच्या वेगाहून जास्त असतो, आणि त्या काळात पाय हलवणे म्हणजे शरीराचा आकार मोडून पाण्याचा विरोध वाढवणे. शरीर किंचित मंदावल्याचे जाणवले की मग लहान, जलद डॉल्फिन किक सुरू कराव्यात. त्या गुडघ्यांतून निघू नयेत. छातीच्या खालच्या भागापासून निघून घोट्यांपर्यंत पोहोचाव्यात, आणि खाली मारण्याइतकेच बळ पाय वर नेतानाही लागले पाहिजे.

फ्लिप टर्नविषयी येथे इतर जण अधिक चांगले लिहितील, म्हणून तो विषय त्यांच्याकडे सोपवतो.

तळरेघ

घड्याळ_हातात यांनी लिहिलेल्या सर्व गोष्टींशी मी सहमत आहे. मी स्वतः फ्रीस्टाइल पोहतो आणि टर्न हा माझ्या विशेष आवडीचा विषय असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

कोलांटी किती अंतरावर घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर मीटरमध्ये देणे कठीण आहे, कारण ते तुमच्या उंचीवर, पायांच्या लांबीवर आणि त्या क्षणीच्या वेगावर अवलंबून असते. दमलेल्या अवस्थेत वेग कमी झाला की हेच अंतर बदलते. मात्र खूण प्रत्येक तलावात उपलब्ध असते. तळावरची लेनची रेघ भिंतीच्या २ मीटर आधी संपते आणि तिच्या टोकाला आडवी रेघ असते. डोके त्या आडव्या रेघेवर आले की शेवटचा हात कुठे असतो, हे प्रत्येकाने स्वतःपुरते पक्के करावे. भिंतीवर जो फुलीसारखा आकार असतो तो अंतर समजण्यासाठी उपयोगी आहे, परंतु त्याकडे पाहण्यासाठी डोके उचलू नये. डोके वर आले की कंबर खाली जाते आणि टर्नपूर्वीचा वेग तेथेच संपतो. नजर तळावर ठेवून भिंत केवळ डोळ्यांच्या वरच्या कडेने जाणवली पाहिजे.

आता हालचालीचा क्रम पाहा. शेवटच्या हाताआधीचा हात मांडीपाशी थांबतो आणि शेवटचा हात येऊन त्याला मिळतो. त्या क्षणी दोन्ही तळहात मांड्यांजवळ असतात. हनुवटी छातीकडे जाते, एक लहानशी डॉल्फिन किक कंबरेला वर ढकलते, आणि शरीर गोल फिरत असताना तळहात खालच्या दिशेने वळून पाणी डोक्याकडे लोटतात. गुडघे छातीजवळ आणि टाचा नितंबांजवळ येतात, कारण शरीराचा गोळा जेवढा लहान तेवढे फिरणे जलद. पाय भिंतीवर टेकतात तेव्हा बोटे वरच्या दिशेला असतात आणि तुम्ही पाठीवर असता. पुढचा तपशील बहुतेक ठिकाणी चुकतो : पाय टेकण्यापूर्वीच हात डोक्यावर स्ट्रीमलाइनमध्ये जुळलेले असायला हवेत. ज्यांचे हात पाय टेकल्यानंतर वर जातात, त्यांना भिंतीवर थांबावे लागते, आणि त्या थांबण्यात गुडघे अधिकच वाकतात.

पाय भिंतीवर पृष्ठभागाच्या साधारण ३० ते ४० सेंटिमीटर खाली टेकावेत. त्याहून वर टेकले तर रेटा तुम्हाला खोल ढकलतो, फार खाली टेकले तर लगेच पृष्ठभागावर आणतो, आणि पृष्ठभागाजवळ शरीर लाटा निर्माण करत असल्याने पाण्याचा विरोध सर्वाधिक असतो. सुमारे अर्धा मीटर आणि त्याखाली गेल्यावर हा विरोध बराच कमी होतो. गुडघे काटकोनाहून थोडे अधिक उघडे असताना रेटा सर्वांत जोरकस बसतो. भिंतीला अगदी चिकटून टर्न घेणाऱ्यांचे गुडघे पूर्ण मिटलेले असतात. तेवढे उघडण्यात वेळ जातो आणि सुरुवातीचा रेटा दुबळा पडतो. भिंतीपासून फार दूर फिरणाऱ्यांना केवळ बोटांचा स्पर्श मिळतो. दोन्हींपैकी किंचित दूर राहण्याची चूक मला परवडणारी वाटते.

पोटावर वळण्यासाठी भिंतीवर थांबू नये. रेटा पाठीवर असतानाच सुरू करावा आणि पाय सरळ होत असताना शरीर हळूहळू कुशीवर व मग पोटावर वळू द्यावे. हे जमेपर्यंत मी एक वेगळा सराव सुचवीन : फ्लिप टर्न घेऊन पाठीवरच भिंत सोडायची आणि झेंड्यांच्या दोरीपर्यंत, म्हणजे भिंतीपासून ५ मीटर, पाठीवरच स्ट्रीमलाइनमध्ये जायचे. वळण्याची घाई सुटली की कोलांटी आपोआप स्वच्छ होते.

श्वासाविषयी एक गोष्ट राहिली. टर्नपूर्वीच्या शेवटच्या हाताला आणि बाहेर आल्यानंतरच्या पहिल्या हाताला श्वास घेऊ नये. कोलांटी घेताना नाकातून सावकाश हवा सोडत राहावे, म्हणजे नाकात पाणी जात नाही.

तिसरी_लेन

दोघांचेही मनापासून आभार. तळरेघ यांनी लिहिलेले वाचून चित्रफीत पुन्हा सावकाश पाहिली. माझे पाय भिंतीला टेकतात तेव्हा हात अजून कंबरेपाशीच आहेत, आणि पाय पृष्ठभागाच्या अगदी जवळ टेकत असल्यामुळे रेटा दिल्यावर मी खोल जाऊन मग वर येते. तेथे मी नेमकी किती रेंगाळते ते मोजण्याची काही पद्धत आहे का? आणि डॉल्फिन किकच्या संख्येचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

घड्याळ_हातात

मोजण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. काठावरून, भिंतीच्या समोरासमोर न राहता बाजूने, फोन स्थिर ठेवून चित्रण करावे. सेकंदाला ६० चित्रे घेणारी चित्रफीत असेल तर प्रत्येक चित्र म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. पाय टेकल्यापासून सुटेपर्यंत किती चित्रे जातात ते मोजा. त्याखेरीज पूर्ण टर्नची वेळ घ्यावी : जाताना डोके ५ मीटरच्या खुणेखालून गेले तेथून परत येताना त्याच खुणेखाली येईपर्यंत. केवळ भिंतीवरचा काळ कमी करण्याच्या नादी लागू नये, कारण रेटा न देता भिंत सोडणारा तेथे वेगवान दिसतो आणि ५ मीटरवर मागे पडतो.

किकच्या संख्येबाबत माझे मत असे. डॉल्फिन किकने तुम्ही जितक्या वेगाने जाता तो वेग तुमच्या शर्यतीतील पोहण्याच्या वेगाइतका होईल, त्याच क्षणी बाहेर यायला हवे. ज्याची किक बळकट आहे त्याच्यासाठी हा क्षण १५ मीटरजवळ येतो, ज्याची नाही त्याच्यासाठी ८ मीटरवरच येतो. म्हणून दुसऱ्याच्या किक मोजून आपल्या ठरवू नयेत. सरावात तीन किक, मग पाच, मग सात अशा पद्धतीने रेटा देऊन प्रत्येक वेळी १५ मीटरची वेळ घ्यावी, त्यात बाहेर आल्यानंतरचे एकदोन हातही मोजले जावेत. ज्या संख्येला वेळ सर्वांत कमी येते ती तुमची ताज्या दमाची संख्या. २०० मीटरच्या शर्यतीत ती अखेरपर्यंत टिकत नसेल, तर दुसऱ्या टर्नपासून एकेक किक कमी करण्याचा बेत आधीच ठरवून ठेवावा. भिंतीवर पोहोचल्यावर दम लागलेला असताना घेतलेला निर्णय जवळपास नेहमी वाईट असतो.

ब्रेकआउटकडे, म्हणजे पाण्याखालून पृष्ठभागावर येऊन पोहणे सुरू करण्याच्या क्षणाकडे, मात्र याहून अधिक लक्ष द्या, असे मी म्हणेन. शेवटच्या एकदोन किक फ्रीस्टाइलच्या किकमध्ये बदलाव्यात, शरीर अजून पृष्ठभागाच्या जरासे खाली असतानाच पहिला हात ओढण्यास प्रारंभ करावा आणि त्या हाताच्या बळावर डोके पाणी फोडून बाहेर यावे, नजर तळावरच असावी. आधी डोके वर काढून, थांबून, श्वास घेऊन मग हात मारणाऱ्यांचा सगळा कमावलेला वेग तेथे जागच्या जागी संपतो. तुमच्या चित्रफितीत हेही तपासा.

तळरेघ

एका मुद्द्यावर मी वेगळे मत मांडतो. किक कमी करण्याचा बेत आधीच केला की सरावातही तीच सवय लागते आणि शेवटच्या टर्नवर कोणी अधिक काळ खाली राहतच नाही. २००७ मध्ये मेलबर्नच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मायकेल फेल्प्सने २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये १:४३.८६ असा विश्वविक्रम केला, तेव्हा शेवटच्या भिंतीनंतर, म्हणजे सर्व जण दमलेले असताना, तो पाण्याखाली इतरांहून बराच लांब गेला होता. प्रत्येकाची क्षमता तेवढी नसते हे मान्य. परंतु शेवटच्या टर्नवर पहिल्याइतक्याच किक मारणे हे उद्दिष्ट ठेवून त्यासाठी दमाचा सराव करावा, आणि मधल्या टर्नवर हवे तर एक किक वाचवावी, असे मला वाटते.

टर्नपंच

मी स्पर्धांमध्ये टर्नच्या निरीक्षणाचे काम करतो. तंत्राबाबत वरील दोघे माझ्याहून अधिक जाणतात, म्हणून मी नियमांच्या अंगाने, आणि विशेषतः मेडलेच्या प्रश्नावर, लिहितो. कारण या शर्यतीत वेगाइतकीच अपात्रतेची काळजी घ्यावी लागते.

फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लाय या तिन्हींत स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर डोके १५ मीटरपर्यंत पाण्याबाहेर आलेच पाहिजे. लेनच्या दोरीवर त्या ठिकाणी वेगळ्या रंगाचा तरंगता मणी असतो. ही मर्यादा काही उगाच आलेली नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकला डेव्हिड बर्कॉफ सुमारे ३५ मीटर पाण्याखालूनच जात असे, आणि अंतिम शर्यतीत त्याला मागे टाकून सुवर्णपदक जिंकणारा दाइची सुझुकीही दीर्घकाळ पाण्याखाली राहण्यात तरबेज होता. त्यानंतर बॅकस्ट्रोकला आधी १० आणि मग १५ मीटरची मर्यादा आली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डेनिस पांक्रातोव्हने बटरफ्लायमध्ये हेच तंत्र वापरून सुवर्णपदके मिळवली, आणि १९९८ मध्ये ती मर्यादा बटरफ्लाय व फ्रीस्टाइललाही लागू झाली. आजही हिशेब करून पाहा : २५ मीटरच्या तलावात १०० मीटरच्या शर्यतीपैकी ६० मीटरपर्यंत पाण्याखाली राहण्याची मुभा आहे. तुम्ही त्या तलावात अधिक मागे का पडता, याचे उत्तर यात आहे.

बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये दोन्ही हातांनी, एकाच वेळी, हात एकमेकांपासून विलग ठेवून भिंतीला स्पर्श करावा लागतो. स्पर्श झाल्यावर अनेक जण काठ पकडून शरीर वर उचलतात. ते नियमबाह्य नाही, पण त्यात वेळ जातो. स्पर्श होताच एक कोपर मागे खेचावे, गुडघे पोटाखाली आणावेत, दुसरा हात भिंतीला किंचित ढकलून कानाजवळून पुढे जावा आणि डोके शक्य तितके पाण्यालगत राहावे.

बॅकस्ट्रोकवरून ब्रेस्टस्ट्रोककडे जाताना बॅकस्ट्रोकचे अंतर पाठीवर असतानाच भिंतीला स्पर्श करून संपवावे लागते. स्पर्शाआधी खांदे उभ्या रेषेपलीकडे छातीच्या बाजूला झुकले की निकाल अपात्रतेचाच लागतो. त्यामुळे ज्यांना या टर्नची पूर्ण खात्री नाही त्यांनी साधा उघडा टर्न घ्यावा : पाठीवर हात लांब करून स्पर्श, गुडघे पोटाशी, पाय भिंतीवर, आणि कुशीवरून रेटा. भिंतीपासून ५ मीटर आधी असलेल्या झेंड्यांपासून स्पर्शापर्यंत आपले किती हात होतात हे मोजून ठेवले, तर मान वळवून भिंत शोधण्याची वेळ येत नाही. वेगवान क्रॉसओव्हर टर्न (स्पर्शासोबतच कोलांटी घेण्याचा प्रकार) त्यानंतर शिकावा आणि शर्यतीत वापरण्यापूर्वी एखाद्या जाणत्या पंचाला दाखवून घ्यावा. तुमचा वेळ जातो तो बहुधा या मोजणीअभावी स्पर्शापूर्वी मंदावण्यामुळे.

ब्रेस्टस्ट्रोकच्या पुल-आउटमध्ये (भिंत सोडल्यावर पाण्याखाली केलेल्या हालचालीत) हात एकदाच मांड्यांपर्यंत नेता येतात आणि पहिल्या ब्रेस्टस्ट्रोक किकपूर्वी एकच डॉल्फिन किक चालते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये कोसुके किताजिमाच्या किकवरून वाद झाला आणि २००५ पासून ही एक किक अधिकृत झाली. दुसऱ्या स्ट्रोकमध्ये हात सर्वांत रुंद ठिकाणी येऊन आत वळण्यापूर्वी डोके बाहेर आलेले असावे लागते.

शेवटच्या फ्रीस्टाइल टप्प्याबाबत एक सूचना, कारण तुम्ही फ्लिप टर्न सुधारत आहात. मेडलेच्या फ्रीस्टाइलमध्ये टर्न घेताना सोडले तर शरीर पोटावर असणे आवश्यक आहे, आणि टर्ननंतर कोणतीही किक किंवा हात मारण्यापूर्वी पोटावर परतावे लागते. साध्या फ्रीस्टाइल शर्यतीत पाठीवर निघून तेथेच किक मारत वळणे चालते, मेडलेत चालत नाही. तळरेघ यांनी सुचवलेला पाठीवर भिंत सोडण्याचा सराव उत्तम आहे, फक्त ५० मीटरच्या तलावात तुमच्या २०० मीटर मेडलेत फ्रीस्टाइल टर्न नसतो आणि २५ मीटरच्या तलावात असतो, हे लक्षात असू द्या.

तिसरी_लेन

ही शेवटची गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. सर्वांना धन्यवाद. आता एकच विचारते : आठवड्यातील मर्यादित वेळात सुरुवात कुठून करावी, आणि सूर मारण्याचा सराव मी एकटीने केला तर चालेल का?

घड्याळ_हातात

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. एकटीने करू नये, आणि पाण्याखालच्या किकचा सराव तर मुळीच करू नये. पाण्यात जाण्याआधी भराभर खोल श्वास घेतल्याने शरीरातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घेण्याची निकड त्याच्यामुळेच जाणवत असल्याने ती जाणवत नाही, आणि दरम्यान ऑक्सिजन एवढा घटतो की कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखालीच शुद्ध हरपते. उत्तम पोहणाऱ्यांचेही प्राण यात गेले आहेत. असे श्वास घेऊ नयेत, पाण्याखालच्या फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती घ्यावी आणि काठावर कोणीतरी लक्ष ठेवून असावे. ब्लॉकच्या समोरची खोलीही पाहावी. आंतरराष्ट्रीय नियमांत ब्लॉक असलेल्या टोकाला, भिंतीपासून १ ते ६ मीटर अंतरात, किमान १.३५ मीटर खोली सांगितली आहे. ती किमान आहे आणि मुरलेल्या जलतरणपटूंसाठी आहे. ब्लॉकवर पायांची जागा किंवा सूर मारण्याचा कोन बदलून पाहत असताना याहून बऱ्याच खोल पाण्यातच सूर मारावा, कारण उथळ तळावर डोके आदळल्यास मानेच्या मणक्यांना कायमची इजा होऊ शकते.

सुरुवात टर्नपासून करा, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढू नका. २५ मीटरच्या तलावात ४००० मीटरचा सराव म्हणजे १६० फेऱ्या. त्यांतील प्रत्येक फेरी भिंतीला रेटा देऊनच सुरू होते. त्या प्रत्येक वेळी हात आधी जुळलेले, स्ट्रीमलाइन झेंड्यांच्या दोरीपर्यंत टिकलेली आणि बाहेर आल्यावर पहिल्या हाताला श्वास नाही, एवढ्या तीन गोष्टी पाळायच्या. सरावाच्या शेवटच्या, दमलेल्या टप्प्यात त्या सर्वांत आधी सुटतात, तेव्हा तेथे विशेष जपावे. तुमच्या चित्रफितीतून दिसलेली पाय वर टेकण्याची उणीव दूर करण्यासाठी सरावाच्या प्रारंभी, ताजेतवाने असताना, मधल्या पाण्यातून वेगाने येऊन काही टर्न घ्या आणि प्रत्येकानंतर थांबून सोबतीला पाय कुठे टेकले ते विचारा. ब्लॉकवरचे सूर आठवड्यातून दोनदा, थोडे, पूर्ण ताकदीने आणि १५ मीटरच्या वेळेसह घ्यावेत. थकल्यावर मारलेल्या सुरांतून घाईने पाय उचलण्याचीच सवय लागते.

काही आठवड्यांनी ५ मीटर ते ५ मीटर टर्नची वेळ येथे जरूर कळवा. आधीच्या चित्रफितीवरून तीच वेळ आजच काढून ठेवली, तर तुलना करता येईल.